चोवीस तासांचं बीपी होल्टर: पोळ्या लाटता लाटता

दवाखान्यात बीपी 160, घरच्या मशीनवर 136. डॉक्टर म्हणाले, "काकू, कुणाचं खरं मानायचं? होल्टर लावून बघू." नाशिकच्या एका सेंटरमध्ये 1,800 रुपये भरले. मी पोळीभाजीचे डबे करते, तेव्हा माझं मत त्याच अंगाने घ्यावं.

दंडाला पट्टा, कमरेला पाकिटाएवढं यंत्र, मध्ये रबरी नळी. दिवसा दर अर्ध्या तासाने आणि रात्री तासाने पट्टा फुगतो. तेवढा वेळ हात सैल सोडून गप्प राहायचं. कणीक मळताना हे कसं जमावं? पहिल्या दोन वेळा मोजणी फुकट गेली आणि यंत्राने थोड्या वेळाने परत दंड आवळला. मग गुरगुर ऐकू आली की पिठाचा हात तसाच खाली सोडायची सवय लागली. आणि आंघोळ करूनच जा. चोवीस तास अंगावर पाणी घेता येत नाही, हे मला तिथे गेल्यावर कळलं.

तक्रार पट्ट्याची. माझा दंड 36 सेंटीमीटर आणि सेंटरमधल्या मुलीने नेहमीच्या मापाचा पट्टा बांधायला घेतला. लहान पट्ट्यावर आकडा उगाच चढा येतो. मीच टेप मागितली, तेव्हा मोठा पट्टा कपाटातून निघाला. न मागणाऱ्यांचं काय होत असेल?

रिपोर्ट मात्र डोळे उघडणारा. दिवसाची सरासरी 134/82, म्हणजे 135/85 या दिवसाच्या मर्यादेच्या आत. दवाखान्यातले 160 बरेचसे डॉक्टरांच्या धसक्याचे! पण रात्रीची सरासरी 128/76. ती 120/70च्या खाली हवी. झोपेत बीपी 10 ते 20 टक्के उतरतं, माझा वरचा आकडा पाच टक्केही उतरला नाही. घरच्या मशीनवर हे कधीच दिसलं नसतं, झोपेत कोण मोजतंय?

"घोरता का?" डॉक्टरांनी विचारलं. मी "छे" म्हणेपर्यंत हे खुर्ची पुढे ओढून बसले होते. आता झोपेत श्वास अडकतो का, ती तपासणी आहे.

गोळीचंही विचारून घेतलं. "बीपीची गोळी रात्रीच घ्या" हा मेसेज भाऊजींनी तीनदा पाठवलाय. 2019 साली स्पेनमधल्या एका अभ्यासाने रात्रीच्या गोळीचा मोठा फायदा सांगितला, त्यावर बरेच आक्षेप आले. मग ब्रिटनमध्ये 21 हजारांवर लोकांना पाच वर्षांहून जास्त काळ बघितलं. 'टाइम' नावाचा तो अभ्यास 2022 साली आला. सकाळी घ्या की संध्याकाळी, हार्ट अटॅक आणि पक्षाघात यांत फरक नाही. "जी वेळ चुकणार नाही ती धरा, पण मनाने बदलू नका," डॉक्टर म्हणाले. माझी वेळ पहाटे पाचची, तवा तापेपर्यंत. रात्री मी गोळी हातात घेऊनच झोपेन.

पाचपैकी चार तारे, एक पट्ट्यापायी गेला. रात्री झोप मोडते का, असं शेजारीण विचारत होती. माझी दोनदा मोडली. यांची म्हणे रोजच मोडते, पट्टा नसला तरी.