कॅज्युअल्टीतलं लॅक्टेट मीटर : मे ते डिसेंबर

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका छोट्या रुग्णालयात मी कॅज्युअल्टीची स्टाफ नर्स आहे. रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे पेशींना प्राणवायू पुरेनासा झाला की सहसा वाढणारा पदार्थ, मोजणारं हातात मावणारं मीटर आमच्याकडे मे महिन्यात आलं. तेव्हापासूनची बहुतेक मापं मी आणि माझ्या दोन सहकारी सिस्टरांनीच घेतली आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी सेप्सिसचा, म्हणजे जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागल्याचा, संशय आला की राखाडी झाकणाच्या फ्लुराइड ट्यूबमध्ये रक्त घ्यायचं, बर्फात ठेवायचं आणि शहरातल्या लॅबला पाठवायचं. बर्फ लागायचाच, कारण ट्यूबमधल्या तांबड्या पेशी लॅक्टेट बनवतच राहतात आणि उशीर झाला की आकडा चढतो. रिपोर्ट येईपर्यंत पेशंट वॉर्डात गेलेला असायचा, नाहीतर १०८ अॅम्ब्युलन्समधून बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात. त्या कागदामुळे पहिल्या तासातला उपचार बदलल्याचं मला एकदाही आठवत नाही.

मीटर दिसायला ग्लुकोमीटरसारखंच. पट्टीवर लॅक्टेट ऑक्सिडेज हे एन्झाइम असतं, एका मायक्रोलिटरहूनही लहान थेंब पुरतो आणि आमच्या मशीनवर १५ सेकंदांत आकडा येतो.

त्या १५ सेकंदांची किंमत जूनच्या शेवटी कळली. कुळागरात (पोफळीच्या बागेत) काम करणारे एक काका तापाच्या तिसऱ्या दिवशी स्वतःच्या पायांनी चालत आले. डोळे लाल, पोटऱ्यांना हात लावू देत नव्हते. बीपी १०४/७०. "सिस्टर, तापाची गोळी द्या आणि सोडा, पोफळींची फवारणी राहिली आहे," असं म्हणत होते. श्वास मात्र मला जलद वाटला, म्हणून लॅक्टेट केलं. लिटरला ४.६ मिलिमोल. डॉक्टर खुर्चीवरून उठलेच. आधी ब्लड कल्चर (जंतू शोधायची रक्ततपासणी), लगेच सेफ्ट्रिअॅक्सोन हे अँटिबायोटिक, दोन्ही हातांना लाइन. बीपी पडलेलं नसलं तरी लॅक्टेट ४ किंवा वर असेल तर किलोमागे ३० मिलिलिटर सलाइन, हे २०१८ च्या एका तासाच्या बंडलमध्ये, म्हणजे सेप्सिसच्या पहिल्या तासात करायच्या गोष्टींच्या यादीत, आहे. काकांचं वजन ५५ किलो, म्हणजे साडेसोळाशे मिलिलिटर. दोन तासांनी त्यांचं वरचं बीपी ८२ वर आलं, पण तोवर अँटिबायोटिक अंगात गेलं होतं आणि अॅम्ब्युलन्स दारात उभी होती. पुढे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) निघाला. काका वाचले. नुसतं बीपी बघितलं असतं तर आम्ही त्यांना गोळी देऊन घरी पाठवलं असतं का, हा विचार मला त्या रात्री झोपू देईना.

आता चुका, आणि त्या आमच्याच हातच्या. घामाने भिजलेल्या एका पेशंटचं बोट घाईत टोचलं, तर आकडा ७.८. शिरेतून घेतलं तर १.९. घामात लॅक्टेट भरपूर असतं. बोट धुऊन पूर्ण कोरडं करायचं, पहिला थेंब पुसायचा, दुसरा घ्यायचा. हातपाय गार पडलेले असतील तर आता आम्ही बोटाच्या नादी लागतच नाही, थेट शिरेतलं रक्त घेतो. दुसरी चूक आरएलची, म्हणजे रिंगर लॅक्टेट या सलाइनची. एका लिटर आरएलमध्ये २८ मिलिमोल लॅक्टेट असतं. ज्या हाताला ते चालू आहे त्याच हातातून रक्त घेतलं तर पेशंटचं नव्हे, बाटलीचं माप येतं. नेहमी दुसरा हात.

आकडा चढला म्हणजे सेप्सिसच, असंही नाही. दम्याच्या एका मुलीला सालब्युटामॉलचे तीन नेब्युलायझेशन दिल्यावर ५ च्या वर गेला होता, ताप वगैरे काही नव्हतं. फिट येऊन गेल्यावरही चढतो. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणारे आणि लिव्हर खराब असलेले पेशंट आले की डॉक्टर आधी तेच विचारतात. उलट बाजू मला जास्त घाबरवते. १.४ आलं म्हणून निर्धास्त झालेले नातेवाईक मी पाहिलेत. नॉर्मल लॅक्टेटने सेप्सिस नाही असं ठरत नाही. पेशंट गुंगलेला असेल, लघवी कमी झाली असेल, तर मीटर बाजूला ठेवून पेशंटकडेच बघायचं.

खरा फायदा दुसऱ्या मापाचा, आणि तेच आमच्याकडून सुरुवातीला राहून जायचं. पहिलं २ च्या वर असेल तर दोन ते चार तासांत पुन्हा बघायचं असतं. पाळी बदलली की विसर पडायचा. आता त्याची वेळ केसपेपरवर लाल पेनाने लिहितो. बांबोळीला पाठवताना फोनवर "४.२ होतं, दोन लिटर सलाइननंतर ३.९" असं सांगितलं की पेशंट कुठल्या वळणावर आहे ते पलीकडच्या डॉक्टरांना लगेच कळतं.

पावसाळ्यात पट्ट्यांनी त्रास दिला. जुलैत कुणीतरी डबीचं झाकण उघडं टाकलं आणि सकाळी अर्ध्या पट्ट्या एरर दाखवू लागल्या. इथल्या दमट हवेत डबी लगेच बंद करणं आणि उघडल्याची तारीख वर लिहिणं भागच आहे. पट्टी साखरेच्या पट्टीपेक्षा बरीच महाग, त्यामुळे वाया गेलेली प्रत्येक पट्टी मनाला लागते.

मीटर घेणार असाल तर विक्रेत्याला किमतीआधी कंट्रोल सोल्युशनचं, म्हणजे मीटर बरोबर मोजतं का ते तपासायच्या द्रावणाचं, विचारा. आमचं सप्टेंबरात संपलं आणि नवीन यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत प्रत्येक मोठ्या आकड्यासोबत आम्ही बर्फातली ट्यूबही पाठवत होतो.