फाशी की जन्मठेप?

गुन्हेगारापासून समाजाला धोका उरू नये, ही सोय दोन्ही शिक्षांत आहे. खरा फरक कळतो तो निकाल चुकल्यावर. १९५० मध्ये ब्रिटनने टिमोथी इव्हान्सला तान्ह्या मुलीच्या खुनासाठी फासावर चढवलं. त्याच्याविरुद्ध साक्ष देणारा शेजारी ख्रिस्टी १९५३ मध्ये स्वतःच अनेक बायकांचा खुनी निघाला. इव्हान्सला माफी मिळाली १९६६ मध्ये. जन्मठेप असती, तर निदान तुरुंगाचं दार उघडता आलं असतं.

पीडितांच्या घरच्यांचा संताप खरा आहे, तो कुणी हलक्यात घेऊ नये. पण अपिलं आणि दयेच्या अर्जांत तेही वर्षानुवर्षं ताटकळतात. जन्मठेपही सौम्य नाही. सुटकेची आशाच नसेल तर तीही अमानुष. माझा कौल जन्मठेपेला, पण ठरावीक काळाने फेरविचार होणाऱ्या.