ओआरएफफाइंडर: फुकट आहे, सुटसुटीत आहे, पण खटके बघून दाबा

मी एमएस्सी बायोटेकच्या मुलांची प्रात्यक्षिकं घेते. लॅबमध्ये बारा कॉम्प्युटर, त्यातले नऊ चालू. सॉफ्टवेअरला पैसे मागायचे मी कधीच सोडून दिलेत, त्यामुळे जे फुकट ते आमचं. अमेरिकेच्या एनसीबीआय या जैवमाहिती केंद्राच्या साइटवरचं ओआरएफफाइंडर सात वर्षं वापरतेय. डीएनएमध्ये जनुक कुठे असू शकेल ते हे टूल शोधतं. लॉगिन नाही, काही उतरवून घ्यायचं नाही. सिक्वेन्स, म्हणजे डीएनएच्या अक्षरांची ओळ, चिकटवा नाहीतर डेटाबेसमधला त्याचा अ‍ॅक्सेशन नंबर टाका, बटण दाबा.

ओआरएफ म्हणजे काय हे मी मुलांना फळ्यावर असं दाखवते: ‘कमल फणस सरळ उचल’. तीन-तीन अक्षरांनी वाचलं तर अर्थ लागतो. पहिला ‘क’ पुसला की उरतं ‘मलफ णसस रळउ चल’. पेशीतलं प्रथिन बनवणारं यंत्र म्हणजे रायबोसोम, तोही एमआरएनए (जनुकाची नक्कल) असाच तीन-तीन अक्षरांनी वाचतो, आणि शब्दांमध्ये मोकळी जागा नसते, म्हणून सुरुवात कुठून केली यावरच सगळं. डीएनएच्या एका पट्टीवर तीन चौकटी, म्हणजे वाचायला सुरुवात करायच्या तीन तऱ्हा, समोरच्या पट्टीवर उलट दिशेने आणखी तीन. तीन अक्षरांच्या शब्दाला कोडॉन म्हणतात. चौसष्ट कोडॉनपैकी तीन स्टॉपचे, म्हणजे वाचन थांबवणारे, त्यामुळे अक्षरं नुसती उधळली तर सरासरी एकवीस कोडॉनमागे एक स्टॉप आडवा येतो. स्टॉपशिवायचा असा सलग पट्टा म्हणजे ओआरएफ. दोनशे-तीनशे कोडॉन स्टॉपच नाही असं दिसलं की तिथे जनुक असण्याचा दाट संशय घ्यायचा.

हे टूल नेमकं तेच करतं. सहा चौकटींचं चित्र, त्यावर पट्ट्या, पट्टीवर क्लिक केलं की खाली प्रथिनाची अक्षरं. तिथूनच ब्लास्टला, म्हणजे मिळतेजुळते सिक्वेन्स शोधणाऱ्या टूलला, पाठवायची सोय. मानवी इन्सुलिनचा एमआरएनए टाकला की ११० अमिनो आम्लांची पट्टी समोर येते आणि मागच्या बाकावरचीही मुलं मान वर करतात.

आता खटके. बहुतेकांची फजिती इथेच होते. किमान लांबी आपोआप ७५ बेसवर (बेस म्हणजे डीएनएचं एक अक्षर) असते, ३० पर्यंत खाली आणता येते. सुरुवात ‘फक्त एटीजी’ने, म्हणजे नेहमीच्या सुरुवातीच्या कोडॉनने. जिवाणूंचं जनुक असेल तर हे बदला, कारण ई. कोलायचं लॅकआय जीटीजीने सुरू होतं. न बदलल्यास टूल आतला एखादा एटीजी पकडून प्रथिनाचं डोकं छाटून दाखवतं.

सगळ्यात महत्त्वाचा खटका जेनेटिक कोडचा, म्हणजे कुठल्या कोडॉनचा अर्थ काय लावायचा त्याचा. दरवर्षी मी मुद्दाम मानवी मायटोकॉन्ड्रियाचं कॉक्स१ हे जनुक देते आणि गप्प बसते. सुरुवात अशी: एटीजी टीटीसी जीसीसी जीएसी सीजीटी टीजीए. नेहमीच्या कोडमध्ये टीजीए म्हणजे स्टॉप, म्हणजे पाच अमिनो आम्लांत खेळ खलास. एवढा तुकडा यादीतही येत नाही. मुलं म्हणतात, “मॅडम, सिक्वेन्स चुकीचा दिलात.” मग कोड दोन नंबरचा लावायला सांगते. मायटोकॉन्ड्रियात टीजीए म्हणजे ट्रिप्टोफॅन. तीच अक्षरं, आणि ५१३ अमिनो आम्लांची सलग पट्टी! हे बघून एक मुलगा म्हणाला होता, “म्हणजे आपल्या पेशीत दोन बोलीभाषा आहेत.” मला इतकं नीट सांगता आलं नसतं.

माझी स्वतःची चूकही याच टूलने पकडली. एका छोट्या प्रथिनाच्या शेपटीला जीएफपी, म्हणजे हिरवं चमकणारं प्रथिन, जोडायचं होतं. जिवाणूंच्या कॉलन्या आल्या, यूव्हीखाली धरल्या, हिरवं काही नाही. दोन आठवडे मी तापमानाला, आयपीटीजीला (जनुक चालू करायचं रसायन), नशिबाला दोष देत होते. शेवटी प्लाझ्मिडचा, म्हणजे जनुक घातलेल्या डीएनएच्या कड्याचा, सिक्वेन्स इथे टाकला. एका चौकटीत माझं प्रथिन जोडाच्या पुढे थोडं जाऊन स्टॉपवर आपटलेलं, आणि दुसऱ्या चौकटीत जीएफपीची २३८ अमिनो आम्लांची पट्टी, एकटीच. ‘कमल’चा ‘क’ माझ्या प्रायमरमध्येच (जोडणीसाठी मागवलेल्या डीएनएच्या छोट्या तुकड्यात) गळला होता, टाइप मीच केला होता. आता प्रायमर मागवायच्या आधी जोडलेला सिक्वेन्स इथे टाकून बघते. पाच मिनिटं लागतात.

या टूलला अक्षरं कळतात, पेशी कळत नाही. जीएफपीची ती एकटी पट्टी चित्रात ठणठणीत होती, पण तिच्याआधी रायबोसोमला बसायची जागाच नव्हती, म्हणून पेशीने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. इंट्रॉन, म्हणजे एमआरएनए तयार होताना कापून टाकले जाणारे मधले तुकडे, हेही त्याला माहीत नाहीत. इन्सुलिनचं जनुक जसंच्या तसं गुणसूत्रावरून उचलून टाकलंत तर ११० ची पट्टी सापडणार नाही, मध्ये इंट्रॉन आहे. कोरोनाचा २९,९०३ बेसचा जीनोम मात्र खुशाल टाका, वेबवरची मर्यादा ५० हजारांची आहे. फक्त ओआरएफ१ए आणि १बी वेगवेगळ्या चौकटींत सुट्टे दिसतील. प्रत्यक्षात रायबोसोम तिथे एक अक्षर मागे घसरतो आणि दोन्ही सलग वाचतो.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो त्या ३० बेसच्या तळामुळे. यीस्टच्या जीसीएन४ या जनुकाच्या एमआरएनएमध्ये मुख्य ओआरएफच्या आधी चार चिमुकले ओआरएफ आहेत, दोन-तीन कोडॉनचे. अमिनो आम्लं भरपूर असताना रायबोसोम त्यांच्यातच अडकून गळून पडतात आणि जीसीएन४ फारसं बनत नाही. उपासमार झाली की काही रायबोसोम पहिला वाचून पुढचे ओलांडतात आणि मुख्य एटीजीपर्यंत पोचतात. जनुकाचा नळ उघडायचा की बंद ठेवायचा हे ठरवणारे हे चौघं, आणि टूलच्या यादीत एकही नाही. त्या प्रात्यक्षिकाला मी प्रिंटआउट आणि लाल पेन्सिली वाटते.