लिनक्स मिंटचे सात महिने, आणि सुरुवातीचा तो काळा पडदा

माझा लॅपटॉप २०१७चा. सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम आणि आत दोन ग्राफिक्स: एक प्रोसेसरमधलं इंटेलचं, दुसरं वेगळ्या कार्डाचं. विंडोज ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो आणि विंडोज १०चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबणार होते. वर्गात रोज प्रोजेक्टरला जोडतो ते यंत्र भंगारात द्यायला मन होईना, म्हणून गणपतीच्या सुट्टीत विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२.१ ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकायला बसलो.

पेनड्राइव्हवरून मेन्यू आला, एंटर दाबलं, लोगो क्षणभर दिसला आणि पडदा काळा. पंखा फिरतोय, कॅप्स लॉक दाबलं की दिवा लागतोय. त्या दिव्यावरूनच कळायला हवं होतं की यंत्र व्यवस्थित चालू आहे, फक्त चित्र येत नाहीये. मी फाइल खराब आहे असं धरून ती पुन्हा उतरवली, पेनड्राइव्ह बदलला, आणि अख्खी संध्याकाळ घालवली.

झालं होतं असं. लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, सुरू होतानाच पडद्याचं रिझोल्यूशन ठरवतो आणि त्यासाठी कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, लगेच कामाला लावतो. मिंटसोबत येणारा मुक्त ड्रायव्हर माझ्या कार्डावर नेमका तिथेच अडकत होता. मेन्यूतला दुसरा पर्याय, कंपॅटिबिलिटी मोड, निवडला आणि मिंट उघडलं. हा पर्याय कर्नलला ‘नोमोडसेट’ हा शब्द देतो, म्हणजे मोड ठरवायच्या भानगडीत पडू नको. मेन्यूत असा पर्याय नसेल तर ‘ई’ दाबायचं, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीत ‘क्वाएट स्प्लॅश’नंतर एक जागा सोडून हा शब्द लिहायचा आणि एफ१० दाबायचं. इन्स्टॉल झाल्यावर पहिल्यांदा सुरू करतानाही मला हेच करावं लागलं.

इथवरची माहिती बहुतेकांना मिळते. पुढचं कोणी सांगत नाही, आणि मला तेच कळकळीने सांगायचं आहे. हा शब्द म्हणजे कुबडी आहे. मी तो ग्रबच्या, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या, फाइलमध्ये कायमचा लिहून ठेवला आणि तीन आठवडे तसाच वापर केला. पडदा १०२४ बाय ७६८वर अडकलेला, ब्राइटनेस कमी होत नाही, व्हिडिओ तुटतात, प्रोजेक्टर तर दिसतच नाही. लिनक्स जुन्या यंत्रावरही मंदच, असं मी दोन सहकाऱ्यांना सांगूनही बसलो. ड्रायव्हर मॅनेजरमधून शिफारस केलेला ड्रायव्हर टाकला तरी फरक पडला नाही, कारण लॅपटॉपचा पडदा इंटेलकडे असतो आणि तो शब्द असेपर्यंत इंटेलचा ड्रायव्हरही बाजूलाच राहतो. शब्द खोडला, ‘सुडो अपडेट-ग्रब’ दिलं, रीस्टार्ट केलं, आणि १९२० बाय १०८०चा स्वच्छ पडदा समोर आला.

कार्ड तरीही जागं झालं नव्हतं. सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होताना फक्त ओळखीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय, चालू असलं की बाहेरच्या ड्रायव्हरची किल्ली नोंदवावी लागते. रीस्टार्टनंतर निळा पडदा येतो, तिथे ‘एनरोल मॉक’ निवडून आपण ठरवलेला पासवर्ड द्यायचा. तो पडदा जेमतेम दहा सेकंद थांबतो. माझ्याकडून तो निसटला होता, मग टर्मिनलमधून किल्ली पुन्हा नोंदवली आणि या वेळी यंत्रासमोरून हललो नाही.

त्यानंतर रोजचा वापर निर्धास्त आहे. ग्राफिक्स ‘ऑन डिमांड’वर, म्हणजे गरज लागेल तेव्हाच कार्ड, असं ठेवतो. फक्त इंटेलवर ठेवलं तर बॅटरी जास्त टिकते, पण माझ्या लॅपटॉपचं एचडीएमआय कार्डाला जोडलेलं असल्यामुळे प्रोजेक्टर बंद पडतो. युनिकोड मराठी, इन्स्क्रिप्ट कीबोर्ड, सगळं नीट चालतं. मिंट २२ला २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत, म्हणजे हा लॅपटॉप बारा वर्षांचा होईपर्यंत.

डिसेंबरमध्ये नवा कर्नल आल्यावर पडदा पुन्हा काळा झाला. या वेळी घाबरलो नाही. सुरू होताना एस्केप दाबून ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडला आणि तासाला वेळेवर पोचलो. तेव्हापासून अपडेटआधी टाइमशिफ्ट या प्रोग्रामने सिस्टीमची प्रत घेतो आणि जुना एक कर्नल काढत नाही. झाकण उघडल्यावर क्वचित चित्र येत नाही, तेव्हा कंट्रोल, ऑल्ट आणि एफ२ एकत्र दाबून लगेच एफ७वर परततो. तेवढ्याने पडदा उजळतो.