टेस्टोस्टेरॉन कमी, शुक्राणू शून्य : पुण्यातील एका अँड्रॉलॉजी क्लिनिकमधील उपचारांविषयी

टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक (हार्मोन) कमी असल्याचा रिपोर्ट हातात पडल्यावर पुरुषाने कोणाकडे जावे आणि तिथे कोणत्या उपचारांची अपेक्षा ठेवावी, हे सांगणारे माणूस आपल्याकडे सहजासहजी भेटत नाही. म्हणून पुण्यातील ज्या अँड्रॉलॉजी, म्हणजे पुरुषांच्या प्रजननविषयक आजारांच्या क्लिनिकमध्ये माझे उपचार चालू आहेत, त्याविषयी सविस्तर लिहीत आहे. त्याच्या काही उणिवाही सांगायच्या असल्यामुळे नाव देत नाही. मात्र वैद्यकीय उपचारांपुरते बोलायचे तर माझे मत पूर्णपणे अनुकूल आहे.

सततचा थकवा आणि मंदावलेली कामेच्छा या तक्रारी घेऊन मी प्रथम आमच्या शहरातील एका डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी दुपारच्या वेळी घेतलेल्या एकाच रक्तनमुन्यावरून टेस्टोस्टेरॉन कमी असल्याचे सांगितले आणि त्याचीच इंजेक्शने सुरू केली. आम्हा पतिपत्नींना मूल हवे होते, परंतु हा प्रश्न त्यांनी विचारला नाही, आणि इंजेक्शने सुरू करण्यापूर्वी वीर्यतपासणीही करून घेतली नाही. काही महिन्यांत अंगात उत्साह आला, रक्तातील आकडा उत्तम दिसू लागला, आणि पत्नीच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी सांगितल्यावरून केलेल्या पहिल्याच वीर्यतपासणीत शुक्राणूंची संख्या शून्य आली. तो कागद वाचून आम्ही दोघेही हादरलो.

असे का होते, हे या क्लिनिकमधील डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत कागदावर आकृती काढून समजावले. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरके रक्तात सोडते. एलएचमुळे वृषणात टेस्टोस्टेरॉन तयार होते आणि एफएसएच शुक्राणूंच्या निर्मितीला आधार देते. शुक्राणू घडण्यासाठी वृषणाच्या आतील टेस्टोस्टेरॉनची पातळी रक्तातील पातळीच्या कितीतरी पट असावी लागते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिले की मेंदू ते पुरेसे आहे असे समजतो, एलएच आणि एफएसएच जवळजवळ थांबतात, वृषणातील स्वतःची निर्मिती बंद पडते, आणि रक्तातला आकडा भरपूर असूनही शुक्राणू तयार होत नाहीत. हा परिणाम इतका भरवशाचा आहे की, जागतिक आरोग्य संघटनेने टेस्टोस्टेरॉनच्या साप्ताहिक इंजेक्शनांची पुरुषांसाठीचे गर्भनिरोधक म्हणून चाचणी घेतली होती. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार निम्म्याहून अधिक निरोगी पुरुषांचे शुक्राणू सहा महिन्यांत शून्यावर आले होते. अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या आणि प्रजननतज्ज्ञांच्या संघटनांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांतही, ज्यांना आता किंवा पुढे मूल हवे आहे त्यांना केवळ टेस्टोस्टेरॉन देऊ नये, असे स्पष्ट म्हटले आहे. इतकी जुनी आणि पक्की माहिती असूनही मूल हवे असलेल्या माणसाला हे औषध बिनदिक्कत दिले जाते, याचा मला आजही मनस्ताप होतो.

या क्लिनिकचा वेगळेपणा तपासणीच्या पद्धतीत आहे. डॉक्टरांनी खुर्चीवर बसताच विचारले, "मूल हवंय का, आणि कधीपर्यंत?" त्यानंतर पत्नीचे वय आणि तिचे सर्व रिपोर्ट पाहिले. वास नीट येतो का, हाही प्रश्न विचारला. पुढे कळले की कालमन सिंड्रोम नावाच्या जन्मजात विकारात घ्राणेंद्रिय आणि ही संप्रेरके दोन्हींवर परिणाम झालेला असतो, त्यामुळे हा साधा प्रश्न मोठा उपयोगी पडतो. मग त्यांनी एका दोरीत ओवलेले, १ पासून २५ मिलिलीटरपर्यंत चढत्या आकाराचे लंबगोल मणी काढले आणि एका हाताने वृषण चाचपत, दुसऱ्या हातात मणी धरून आकारमान ठरवले. माझे १२ मिलिलीटरच्या मण्याशी जुळले. टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांनी वृषण आक्रसतात, हेही त्यांनी तेव्हाच सांगितले. वृषणाभोवतीच्या शिरा फुगल्या आहेत का, म्हणजे व्हेरिकोसील आहे का, हे उभे करून पाहिले. रक्ताचे नमुने सकाळी दहाच्या आत, दोन वेगवेगळ्या दिवशी घेतले गेले, कारण टेस्टोस्टेरॉन पहाटे आणि सकाळी सर्वांत जास्त असते आणि दुपारी उतरते. त्यासोबत एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन (पियुषिका ग्रंथीचेच आणखी एक संप्रेरक), इस्ट्राडिओल (पुरुषांतही थोड्या प्रमाणात असणारे स्त्री-संप्रेरक) आणि हिमोग्लोबिन यांच्या तपासण्या झाल्या. माझे एलएच व एफएसएच मोजता येण्याच्या किमान मर्यादेजवळ होते. मुळात ते किती होते, हे मात्र आता कधीच कळणार नाही, कारण आधीच्या उपचारांपूर्वी ते कोणी मोजलेच नव्हते.

टेस्टोस्टेरॉन तत्काळ बंद करून एचसीजीची इंजेक्शने सुरू झाली. गर्भवती स्त्रीच्या शरीरात तयार होणारे हे संप्रेरक पुरुषाच्या वृषणावर एलएचसारखेच काम करते, त्यामुळे टेस्टोस्टेरॉन वृषणाच्या आतच तयार होऊ लागते. आठवड्यातून तीनदा, पोटाच्या त्वचेखाली, स्वतःच्या हाताने ते घ्यायचे असते. कुपीत पांढरी भुकटी असते. तिच्यात द्रावण हळू सोडायचे, कुपी जोरात हलवायची नाही, तळहातांत फिरवून भुकटी विरघळवायची, आणि उरलेले औषध फ्रीजमध्ये ठेवायचे, हे सर्व तिथल्या नर्सताईंनी मला समोर बसवून दोनदा करायला लावले. बाहेरगावच्या रुग्णांना औषध नेण्यासाठी बर्फाच्या पिशवीसह थर्माकोलचा डबा दिला जातो, ही सोय मला फार महत्त्वाची वाटली. औषधाच्या दुकानात "मिसेससाठी आहे का?" असे विचारले जाते, कारण हे इंजेक्शन स्त्रियांच्या वंध्यत्वावरील उपचारांत अधिक खपते. चिठ्ठीवर पुरुषाचे नाव आणि उपचारांचे कारण स्पष्ट लिहिलेले असल्यामुळे मला कुठेही अडचण आली नाही.

केवळ एचसीजीने टेस्टोस्टेरॉन सुधारले, पण शुक्राणू दिसेनात, तेव्हा एफएसएचची इंजेक्शने जोडली गेली. येथे धीर धरावा लागतो. एक शुक्राणू घडायला साधारण ७४ दिवस लागतात आणि तो बाहेर येईपर्यंत आणखी काही दिवस जातात, म्हणून दर महिन्याला तपासणी करून निराश होण्यापेक्षा तीन महिन्यांच्या अंतराने करा, असा डॉक्टरांचा आग्रह होता आणि तो योग्यच होता. पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली मोजकेच शुक्राणू सापडले, तेव्हा त्यांनी त्याच आठवड्यात नमुना गोठवून ठेवण्याचा सल्ला दिला. संख्या पुन्हा घसरली तरी हाताशी काही तरी असावे, हा त्यामागील विचार. आता माझी संख्या प्रति मिलिलीटर ९० लाखांवर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेतील किमान संदर्भमूल्य १ कोटी ६० लाख आहे, म्हणजे मजल अजून गाठायची आहे. परंतु शून्यावरून इथवर येणे आमच्यासाठी फार मोठे आहे. दुष्परिणाम म्हणून स्तनांच्या जागी थोडा दुखरेपणा आला, इस्ट्राडिओल वाढल्याचे दिसले आणि मात्रा कमी केल्यावर तो गेला.

या डॉक्टरांची सचोटी मला विशेष नोंदवावीशी वाटते. ही महागडी इंजेक्शने सर्वांच्या कामाची नाहीत, हे ते स्वतःहून सांगतात. ज्यांचे एफएसएच मुळातच खूप वाढलेले आहे, त्यांच्यात मेंदू आदेश देतच असतो, दोष वृषणात असतो. क्लाइनफेल्टर सिंड्रोमसारख्या, एक एक्स गुणसूत्र जास्त असलेल्या अवस्थेत असेच घडते. अशा रुग्णांना ते गुणसूत्रांची तपासणी आणि सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने वृषणातून शुक्राणू शोधण्याची शस्त्रक्रिया, हा मार्ग सुचवतात. मी क्लोमिफेनच्या गोळ्यांविषयी विचारले, तेव्हा या गोळ्या स्वस्त आहेत, पियुषिका ग्रंथी शाबूत असलेल्या काही पुरुषांत त्या टेस्टोस्टेरॉन वाढवतात, पण त्यांची अधिकृत मान्यता स्त्रियांच्या उपचारांसाठी आहे, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. शक्तिवर्धक आणि अँटिऑक्सिडंट पूडींचा डबा या क्लिनिकमध्ये कोणाच्याही माथी मारला जात नाही.

उणिवा सेवेच्या बाजूला आहेत, आणि त्या दुर्लक्ष करण्याजोग्या नाहीत. वीर्याचा नमुना देण्याची खोली बिलाच्या खिडकीला लागून आहे आणि दाराची कडी नीट बसत नाही. बाहेर नावे पुकारली जात असताना आत बसलेल्या माणसाची काय अवस्था होते, याचा विचार व्यवस्थापनाने करायलाच हवा. संमतिपत्रे आणि इंजेक्शनची माहितीपत्रके केवळ इंग्रजीत आहेत. सोलापूर, सातारा, अहिल्यानगरकडून येणारी जोडपी ती न वाचताच सही करतात, हे मी पाहिले आहे. वेळ घेऊन गेल्यावरही बराच वेळ थांबावे लागते. पत्नीच्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी हे डॉक्टर स्वतः बोलत नाहीत, निरोप्याचे काम रुग्णालाच करावे लागते. स्त्रीचे वय वाढत असताना दोन्ही बाजूंच्या उपचारांचे वेळापत्रक एकत्र बसवणे किती आवश्यक आहे, हे त्यांच्यासारख्या तज्ज्ञाला सांगण्याची गरज नसावी. मानसिक आधारासाठी समुपदेशक नाही. टेस्टोस्टेरॉन बंद केल्यानंतरच्या आठवड्यांत मन इतके खचते की त्या काळात कोणी तरी बोलायला हवे असते.

खर्चाचे म्हणाल, तर सल्ल्याचे शुल्क पुण्यातील इतर तज्ज्ञांइतकेच आहे; खरा भार इंजेक्शनांचा आहे, आणि त्यातही एफएसएच हे एचसीजीपेक्षा कितीतरी महाग पडते. माझ्या आरोग्य विम्याने यातील काहीही दिले नाही, त्यामुळे सुरू करण्यापूर्वी किमान वर्षभराचा हिशेब मांडून घ्यावा. तिथे जाताना पूर्वीच्या सर्व औषधांच्या चिठ्ठ्या सोबत न्याव्यात, व्यायामशाळेत कोणी दिलेली इंजेक्शने किंवा गोळ्या घेतल्या असतील तर त्यांची नावेही सांगावीत, आणि पहिल्या भेटीला शक्यतो दोघांनी मिळून जावे. सकाळची वेळ मागून घेतल्यास रक्ततपासणी त्याच दिवशी उरकते.