ड्रीम११ आणि नझारा: वाढीच्या दोन तऱ्हा

दोन्ही कंपन्या मुंबईच्या, दोन्ही ऑनलाइन खेळांच्या धंद्यातल्या. पण वाढण्याची तऱ्हा निराळी.

२००८ मध्ये सुरू झालेल्या ड्रीम११ने सगळा डाव क्रिकेटवर लावला. अकरा खेळाडू निवडा, कर्णधार ठरवा, ४९ रुपये भरा, सामना संपेपर्यंत फोन सोडू नका! प्रवेश शुल्कातून कंपनी आपला वाटा कापून घ्यायची. स्वस्त डेटा आणि यूपीआय आल्यावर धंदा सुसाट सुटला. २०२० मध्ये २२२ कोटींना आयपीएलचं मुख्य प्रायोजकत्व, २०२३ मध्ये थेट भारतीय संघाच्या जर्सीवर नाव.

नितीश मित्तरसैन यांच्या नझाराची वाट कमी झगमगाटाची. आधी टेलिकॉम कंपन्यांमार्फत मोबाइल गेम, मग एकामागून एक खरेदी: ई-स्पोर्ट्ससाठी, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांसाठी, नॉडविन ही कंपनी, लहान मुलांसाठी किडोपिया हे ॲप. किडोपियाची वर्गणी येते मुख्यतः अमेरिकेतून, म्हणजे डॉलरमध्ये. मार्च २०२१ मध्ये शेअर बाजारात नोंदणी.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. ड्रीम११च्या पैशांच्या स्पर्धा थांबल्या, जर्सीवरचं नावही गेलं. पैसे लावून पत्त्यांचा पोकर खेळायच्या पोकरबाझीतल्या गुंतवणुकीमुळे नझारालाही चटका बसला, पण बाकीची दुकानं उघडी राहिली.

तरी कौतुक मला ड्रीम११चंच जास्त. फुकट गेम खेळणाऱ्या आपल्या लोकांना खिशात हात घालायला लावणं सोपं नव्हतं. नझाराने त्या प्रश्नाला बगल देऊन परदेशी गिऱ्हाईक गाठलं. गुंतवणूक करायची तर मात्र मी नझाराकडेच बघेन.