टॉवर कूलरवर ओव्हरक्लॉक: पक्का मल्टिप्लायर, पीबीओ की नुसती व्होल्टेजची कपात?

प्रोसेसरवर चांगला टॉवर कूलर (पंख्याच्या हवेने थंड करणारा उभा कूलर) बसवलाय, प्रोसेसर अनलॉक्ड आहे, म्हणजे त्याचा वेग हाताने बदलता येतो, आणि आता त्यातून ठरलेल्यापेक्षा आणखी थोडा वेग काढायचाय, म्हणजेच ओव्हरक्लॉक करायचाय. अशा वेळी समोर तीन वाटा असतात. पहिली जुनी: बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन सगळ्या कोअरचा मल्टिप्लायर (क्लॉक, म्हणजे वेग, ठरवणारा गुणक) आणि व्होल्टेज आपणच पक्कं करून टाकायचं. दुसरी: प्रोसेसरचं स्वतःचं बूस्ट (गरजेप्रमाणे आपोआप वेग वाढवणं) चालू ठेवायचं, त्याच्या मर्यादा जराशा सैल करायच्या आणि व्होल्टेज खाली आणायचं. एएमडीमध्ये हे काम पीबीओ (प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह, बूस्टच्या मर्यादा सैल करणारी सेटिंग) आणि कर्व्ह ऑप्टिमायझरने (व्होल्टेज पायरीपायरीने उतरवणारी सेटिंग) होतं, इंटेलमध्ये ऑफसेट व्होल्टेजने (मूळ व्होल्टेजमधून ठरावीक वजावट). तिसरी: वेग वाढवायच्या भानगडीत पडायचं नाही, वॅट आणि व्होल्टेज उतरवून मशीन थंड नि शांत ठेवायचं.

माझं मत आधीच सांगतो. हवेवर थंड होणाऱ्या मशीनसाठी दहापैकी आठ जणांनी दुसरी वाट धरावी. पहिली वाट ज्यांचं काम तासन्‌तास सगळे कोअर पिळून काढतं त्यांच्यासाठी, आणि तीही मोठा कूलर असेल तरच. तिसऱ्या वाटेला लोक उगाच कमी लेखतात.

उष्णतेचा हिशेब

प्रोसेसर कामात असताना खर्च होणारी वीज क्लॉकच्या सरळ प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. सगळा खेळ या एका गोष्टीवर आहे. समजा ४.५ गिगाहर्ट्‌झ १.२० व्होल्टवर चालतंय आणि ४.९ गाठायला १.३५ व्होल्ट लागले. क्लॉक वाढलं सुमारे ९ टक्के. उष्णता मात्र वाढली जवळपास ३८ टक्के. उलट बाजूने पाहा: क्लॉक तेच ठेवून १.२५ चे १.२० व्होल्ट केले, तर उष्णता साधारण ८ टक्क्यांनी उतरते आणि वेगात काहीही गमवावं लागत नाही.

कूलर मोठा घेतला की हा प्रश्न सुटेल असं वाटतं, पण तसं होत नाही. रायझन ७००० मधला आठ कोअरचा चिपलेट (कोअर असलेला चिपचा तुकडा) जेमतेम ७० चौरस मिलिमीटरचा आहे. एवढ्याशा जागेतून शंभराहून जास्त वॅट बाहेर पडायचे असतात. ते आधी चिपमधून वरच्या धातूच्या झाकणात यायला हवेत, मग कूलरची पाळी. त्या पहिल्या टप्प्यातच उष्णता अडते, म्हणून कूलर दुप्पट मोठा केला तरी तापमान काही त्या हिशेबाने उतरत नाही. अशा चिपवर व्होल्टेज कमी करणं हाच सगळ्यात स्वस्त कूलर आहे.

पक्का मल्टिप्लायर: कुणाला परवडतो

ही पद्धत ज्या काळात रुजली तो काळच वेगळा होता. १९९८ चा सेलेरॉन ३००ए बस ६६ वरून १०० मेगाहर्ट्‌झ केली की ३०० चा ४५० वर पळायचा. २०११ चा कोअर आय५-२५००के ३.३ गिगाहर्ट्‌झचा असूनही साध्या टॉवर कूलरवर ४.५ सहज गाठायचा. तेव्हा कंपन्या भरपूर जागा शिल्लक ठेवत असत. आता ती जागा कंपनीच वापरते. कोअर आय९-१४९००के खोक्यातूनच ६ गिगाहर्ट्‌झच्या बूस्टसह येतो. तुमच्यासाठी वर उरतं ते फार थोडं, आणि तेवढ्यासाठी व्होल्टेज मात्र भरमसाट मोजावं लागतं.

शिवाय एक सरळ तोटा आहे. रायझन ९ ५९००एक्स घ्या. एक-दोन कोअरचंच काम असेल तेव्हा तो ४.८ गिगाहर्ट्‌झपर्यंत जातो, आणि बाराही कोअर कामाला लागले की १४२ वॅटच्या मर्यादेत राहण्यासाठी बराच खाली येतो. तुम्ही सगळे कोअर ४.५ वर पक्के केलेत तर रेंडरिंग किंवा व्हिडिओ एन्कोडिंगला फायदा होईल, पण गेम, ब्राउझर, फोटोचं काम अशा एक-दोन कोअरवर चालणाऱ्या गोष्टी आधीपेक्षा हळू होतील. दिवसभराच्या वापरात आपण जास्त वेळ कुठे असतो याचा विचार करा.

व्होल्टेजबद्दलचा एक गैरसमज इथे सर्वात जास्त नुकसान करतो. नेहमीच्या सेटिंगवर रायझन ५००० मध्ये हलक्या कामात १.४५ ते १.५ व्होल्ट दिसतात. ते पाहून काही जण घाबरतात, तर काही जण म्हणतात, ‘कंपनीच एवढे देते, मग मी १.४ पक्के दिले तर काय बिघडलं?’ बिघडतं ते असं: हलक्या कामात व्होल्टेज जास्त असलं तरी करंट कमी असतो, तोही क्षणभर. तेच १.४ व्होल्ट सगळे कोअर पूर्ण भारावर असताना तासन्‌तास दिले तर चिप झिजते. हवेवर, पूर्ण भारात, रायझनला १.२५ च्या पुढे मी जाणार नाही. पक्कं ओव्हरक्लॉक करायचंच असेल तर लोड-लाइन कॅलिब्रेशन (भार चढल्यावर व्होल्टेज किती घसरू द्यायचं ते ठरवणारी सेटिंग) मधल्या पातळीवर ठेवा. सर्वात कडक पातळीवर भार सुटताना व्होल्टेज क्षणभर उसळतं.

पीबीओ आणि कर्व्ह ऑप्टिमायझर

बायोसच्या अॅडव्हान्स्ड विभागात एएमडी ओव्हरक्लॉकिंगचं पान उघडलं की इशारा येतो, तो स्वीकारल्यावर पीबीओ दिसतं. तिथे ‘अॅडव्हान्स्ड’ निवडा. खाली मर्यादा विचारतात, त्यात ‘मदरबोर्ड’ निवडायचा मोह टाळा. त्याने वॅटची मर्यादा हवेच्या कूलरला न झेपणाऱ्या आकड्यावर जाते. पीपीटी, म्हणजे प्रोसेसरच्या वॅटची कमाल मर्यादा, हाताने भरा. १०५ वॅट टीडीपीच्या (कंपनीने सांगितलेला उष्णतेचा आकडा) चिपला मूळ पीपीटी १४२ वॅट असतो. दुहेरी टॉवर असेल तर १६० पर्यंत जा, एकेरी असेल तर १४२ च राहू द्या. तापमानाची मर्यादा ८५ अंश करा. बूस्ट ओव्हरराइड (बूस्टच्या कमाल क्लॉकमध्ये भर) सुरुवातीला शून्यच.

मग कर्व्ह ऑप्टिमायझर: ऑल कोअर, निगेटिव्ह, १०. प्रत्येक पायरी साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टची, म्हणजे १० पायऱ्यांत ३० ते ५० मिलिव्होल्ट उतरले. यातून जी उष्णता वाचते ती प्रोसेसर स्वतःच जास्त क्लॉकमध्ये वापरतो. एकाच हालचालीत तापमान खाली आणि वेग वर, हे पक्क्या ओव्हरक्लॉकमध्ये कधीच मिळत नाही. एक कोअरचं बूस्टही शाबूत राहतं.

इथला धोका मात्र वेगळ्या जागी दडलेला असतो. पक्कं ओव्हरक्लॉक डगमगीत असेल तर सिनेबेंच (सगळे कोअर ताणणारी चाचणी) चालवताच मशीन कोसळतं, लगेच कळतं. कर्व्ह ऑप्टिमायझर जास्त खेचलेला असेल तर सिनेबेंच तासभर सुरळीत चालेल, आणि नंतर मशीन रिकामं पडलेलं असताना, नुसतं एखादं पान उघडलेलं असताना, अचानक रीस्टार्ट होईल. कारण एकटा कोअर सर्वात वरच्या क्लॉकवर हलक्या भारातच जातो, आणि व्होल्टेज अपुरं पडतं ते तिथेच. त्यामुळे एकेक कोअर तपासणारं कोअरसायकलर रात्रभर चालू ठेवणं याला पर्याय नाही.

रीस्टार्ट झालाच तर विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडा. सिस्टीम विभागात व्हिया-लॉगरची (हार्डवेअरच्या चुका नोंदवणारा भाग) १८ क्रमांकाची नोंद सापडते, तिच्यात प्रोसेसर एपिक आयडी दिलेला असतो; प्रत्येक कोअरला असे दोन आकडे असतात. आठ कोअरच्या रायझनवर त्या आकड्याला दोनने भागलं की कोअर कळतो: ६ किंवा ७ असेल तर कोअर ३. (मोजणी शून्यापासून.) मग फक्त त्या कोअरची कपात ५ पायऱ्यांनी कमी करा. बहुतेक वेळा हा नाजूक कोअर म्हणजे चिपमधला सर्वोत्तम, सर्वात वेगाने पळणारा कोअरच निघतो, कारण त्याच्याकडे कापण्यासारखं व्होल्टेज आधीच कमी असतं.

दुसरी खूण एचडब्ल्यूइन्फोमध्ये, म्हणजे सेन्सरचे आकडे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. पूर्ण भारात ‘कोअर क्लॉक’ आणि ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ हे दोन आकडे जवळजवळ सारखे हवेत. इफेक्टिव्ह शंभर मेगाहर्ट्‌झने मागे पडत असेल तर व्होल्टेज अपुरं आहे आणि चिप आतल्या आत क्लॉक ताणून वेळ निभावतेय. दिसायला वेग वाढलेला, बेंचमार्कचा गुण मात्र घटलेला.

इंटेलवाल्यांसाठी

के अक्षराचा प्रोसेसर आणि झेड मालिकेचा बोर्ड असेल तरच मल्टिप्लायर हलतो. पण तेराव्या आणि चौदाव्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर क्लॉकला हात लावण्याआधी बायोस अद्ययावत करा. या चिप गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होत्या, त्यातून काही कायमच्या अस्थिर झाल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या ०एक्स१२९ मायक्रोकोडने (बायोसमधून येणारी प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) ही मागणी १.५५ व्होल्टवर रोखली. नंतर आणखी सुधारणा आल्या, आणि इंटेलने या चिपची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. अशा चिपला पक्कं जास्त व्होल्टेज देणं मला पटत नाही. इंटेलची डीफॉल्ट सेटिंग ठेवा, अॅडॅप्टिव्ह मोडमध्ये (व्होल्टेज गरजेप्रमाणे बदलू देणाऱ्या) ऑफसेट उणे ५० मिलिव्होल्टपासून उतरवत न्या.

आय५-१३६००के ची कमाल मर्यादा १८१ वॅट आहे, ती मोठा टॉवर सांभाळतो. आय९-१३९००के ची २५३ वॅट. सगळे कोअर भारावर असताना हवेवर तो १०० अंशांच्या भिंतीला टेकतो. तिथे ओव्हरक्लॉकचा विषयच नको.

वेग नको, शांतता हवी

तिसऱ्या वाटेबद्दल थोडंच. इको मोडमध्ये (वॅटची मर्यादा उतरवणारी तयार सेटिंग) १०५ वॅटची रायझन चिप ८८ वॅट पीपीटीवर येते. सगळ्या कोअरच्या कामात थोडा फटका बसतो, गेममध्ये तो सहसा जाणवत नाही. तुम्ही ४के वर खेळत असाल तर ग्राफिक्स कार्डच आधी दमतं, प्रोसेसरला पळवून फ्रेम वाढत नाहीत. मशीन झोपायच्या खोलीत असेल, किंवा त्यावर आवाज ध्वनिमुद्रित करत असाल, तर मी हीच वाट सुचवेन.

कूलर एकेरी की दुहेरी

चार हीट पाइप (उष्णता वर नेणाऱ्या नळ्या) आणि १२० मिलिमीटरचा एक पंखा, हायपर २१२ च्या धाटणीचा, १४० वॅटच्या आसपास ठीक चालतो. सहा हीट पाइपचा दुहेरी टॉवर, म्हणजे पीअरलेस असॅसिन १२० एसई किंवा नॉक्टुआ एनएच-डी१५ च्या वर्गातला, २०० वॅटपर्यंत नेतो. फरक तापमानापेक्षा आवाजात जास्त जाणवतो. घेण्याआधी कॅबिनेटमध्ये कूलरच्या उंचीला किती जागा आहे ते मोजा: एनएच-डी१५ ची उंची १६५ मिलिमीटर आहे आणि पुढचा पंखा उंच रॅमवर अडतो. कॅबिनेटची पुढची बाजू जाळीऐवजी बंद काचेची असेल तर तो पैसा आधी कॅबिनेटवर खर्च करा. खोलीचं तापमान ५ अंशांनी चढलं की प्रोसेसरही जवळपास तेवढाच चढतो, म्हणून थंड दिवसात ठरवलेली सेटिंग सगळ्यात गरम दिवसात पुन्हा तपासावीच लागते.

ठरवताना

आधी चिप पाहा. रायझन ७ ५८००एक्स३डी चा मल्टिप्लायर बंदच आहे. ७८००एक्स३डी ला कर्व्ह ऑप्टिमायझर चालतो, पण क्लॉक वर नेता येत नाही. ९८००एक्स३डी पूर्ण अनलॉक्ड आहे, कारण त्यात एक्स३डी चिपमधली जादा कॅश (चिपवरची झटपट मेमरी) कोअरच्या खाली गेली आणि उष्णतेची वाट मोकळी झाली. २०२३ मध्ये काही ७००० मालिकेच्या एक्स३डी चिप जळाल्यावर एसओसी व्होल्टेज (कोअर सोडून मेमरी कंट्रोलरसारख्या भागांचं) १.३ वर रोखलं गेलं. रॅमचं एक्स्पो (रॅम तिच्या जाहीर वेगावर चालवणारी सेटिंग) चालू करत असाल तर हा आकडा स्वतः पाहून घ्या. ए५२० सारख्या ए मालिकेच्या बोर्डवर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही.

वॉरंटीचं स्पष्ट आहे: पक्कं ओव्हरक्लॉक असो की पीबीओ, त्यातून झालेलं नुकसान कंपनी भरून देत नाही. मशीनवर पगाराचं, शिक्षणाचं किंवा लोकांच्या हिशेबाचं काम असेल तर सेटिंग तपासून पूर्ण होईपर्यंत महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर हवीच. डगमगीत प्रोसेसर नुसता रीस्टार्ट होत नाही, चुपचाप फाइलही बिघडवतो.

आणि बोर्डवरचा सीमॉस (बायोसच्या सेटिंगची साठवण) पुसायचा जंपर कुठे आहे ते आधी मॅन्युअलमध्ये शोधून ठेवा, मशीन चालूच झालं नाही तर तोच लागतो. नवा बायोस टाकला की सगळ्या सेटिंग पुसल्या जातात. प्रत्येक कोअरचा कर्व्ह, पीपीटी आणि तापमानाची मर्यादा कागदावर लिहून ठेवा. पुन्हा भरल्यावर जुन्या आकड्यांवर विसंबू नका, कोअरसायकलर परत एकदा रात्रभर चालवा, कारण नव्या बायोसमध्ये व्होल्टेजचं वागणं बदललेलं असू शकतं.